चतुष्पादातील अग्रणी : चिकित्सालय व औषधनिर्माणशाळेतील प्रेरक नेतृत्वाचा अभ्यास

चिकित्सेचे यश निदान आणि औषधयोजना यांवर अवलंबून असते, याविषयी आपल्यात दुमत नाही. तथापि निदान अचूक असूनही काढा कच्चा उतरतो, औषध उत्तम असूनही पुडीवर अनुपान लिहावयाचे राहून जाते, बस्तीची वेळ टळते, कोठीतील मूळद्रव्यास बुरशी येते. आणि या सर्व ठिकाणी वैद्याचे ज्ञान अपुरे पडलेले नसते. अपुरी पडलेली असते ती त्याच्याबरोबर काम करणाऱ्या माणसांची जोडणी. ही जोडणी करणे हेही वैद्याचे व फार्मसीचालकाचे कर्तव्य आहे आणि त्यास काही विशिष्ट गुणांची आवश्यकता असते. ते गुण जन्मजात असतात असे मानून पुष्कळ व्यावसायिक स्वस्थ बसतात. आमच्या मते ते अभ्यासाने येतात. प्रस्तुत लेखात या अभ्यासाचा क्रम मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

लहान गावातील चिकित्सालयांस या विषयाची निकड अधिक आहे. अंबरनाथ तालुक्यातील चामटोली, वांगणी किंवा बदलापूरच्या परिसरातील एखाद्या वैद्याकडे बहुधा दोन-तीन मदतनीस, एक स्वागतकक्ष सांभाळणारी व्यक्ती आणि औषधे कुटणारा, चाळणारा, भरणारा एखादा अनुभवी कामगार एवढाच परिवार असतो. शहरातील मोठ्या रुग्णालयात एक मनुष्य सोडून गेला तर दुसरा मिळतो. येथे अभ्यंग-स्वेदनात हात बसलेली परिचारिका सोडून गेली तर पंचकर्माचा विभागच बंद पडतो, आणि रुग्णास लोकलने कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते. माणसे टिकणे, वाढणे आणि मनापासून काम करणे हा येथे रुग्णसेवेच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे.

१. शास्त्रातील आधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण, असे सोळा गुण तेथे गणले आहेत. या चौघांत वैद्यास प्रधान म्हटले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे. तो जाणणारा आहे, आज्ञा करणारा आहे आणि योजना करणारा आहे. माती, काठी, चाक आणि सूत हे सारे जवळ असूनही कुंभाराविना घट होत नाही, हा तेथील दृष्टान्त आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे.

या तीन शब्दांतच कार्यस्थळावरील नेतृत्वाचे संपूर्ण लक्षण आले आहे, असे आम्हांस वाटते. केवळ जाणणारा विद्वान होतो, परंतु त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहते. केवळ आज्ञा करणारा अंमलदार होतो. तो वळला की काम थांबते. केवळ योजना करणारा व्यवस्थापक होतो, परंतु कशासाठी योजना करावयाची हे त्यास उमगत नाही. तिन्हींचा संयोग ज्याच्या ठायी असतो तो अग्रणी होय.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. वैद्याचे चार गुण असे : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळदा प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे, दाक्ष्य आणि शौच. परिचारकाचे चार गुण असे : उपचाराचे ज्ञान, दाक्ष्य, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग, आणि शौच. दाक्ष्य आणि शौच हे दोन गुण दोन्ही सूचींत समान आहेत. म्हणजे मदतनिसाकडून ज्या गुणांची आपण अपेक्षा करतो, त्यांतील निम्मे गुण शास्त्राने प्रथम आपल्याकडून अपेक्षिले आहेत. जो वैद्य रुग्ण तपासून हात न धुता पुढील रुग्णाकडे वळतो, त्याने परिचारिकेस स्वच्छतेविषयी केलेला उपदेश व्यर्थ होय. जो फार्मसीचालक सकाळी अकरा वाजता येतो, त्याच्या भट्टीवर आठ वाजता विस्तव पेटेल ही आशा फोल होय.

२. चामटोलीजवळील एक प्रसंग

नेतृत्वाची उदाहरणे बहुधा दूरची आणि मोठ्या माणसांची दिली जातात. आपल्या परिसरातीलच एक उदाहरण आम्ही घेतो, कारण त्याची भूमी वाचकांपैकी अनेकांच्या पायाखालची आहे.

२६ जुलै २०१९ रोजी रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस अतिवृष्टीमुळे बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान, चामटोलीनजीक अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. त्यांत गर्भवती स्त्रिया, बालके व वृद्ध होते. २७ तारखेस उजाडल्यावर चहूकडे पाणीच पाणी दिसू लागले, आणि दुपारपर्यंत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने नौकांच्या साहाय्याने सर्व प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. नौदल, भूदल, रेल्वे सुरक्षा दल, पोलीस, प्रशासन व स्थानिक रहिवासी या सर्वांचा त्यात सहभाग होता. एकही जीव गेला नाही.

या कार्यात कोण्या एका व्यक्तीचे नाव पुढे येत नाही, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. तथापि नेतृत्वाची सारी अंगे येथे स्पष्ट दिसतात.

पहिले अंग म्हणजे एकच, स्पष्ट आणि सकारण आज्ञा. गाडीतून खाली उतरू नका, गाडीच सुरक्षित जागा आहे, बचाव दलाच्या सूचनेची वाट पाहा, असे आवाहन रेल्वेने केले. पाणी वाढत असताना मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती पळण्याची असते. ती आवरावयाची तर नुसती मनाई पुरत नाही, मनाईचे कारण सांगावे लागते. 'उतरू नका' एवढेच सांगितले असते तर काहींनी निश्चित उड्या टाकल्या असत्या. 'गाडी सुरक्षित आहे' या कारणाने आज्ञेस बळ आले. अपथ्याविषयी रुग्णास सांगताना आणि भट्टीवरील कामगारास सूचना देताना हे सूत्र तंतोतंत लागू पडते.

दुसरे अंग म्हणजे प्रत्यक्ष उपस्थिती. रेल्वेचे कर्मचारी, रेल्वे सुरक्षा दल व पोलीस गाडीपर्यंत पोहोचले; बिस्किटे व पाणी वाटले गेले. बिस्किटाने पूर ओसरत नाही, परंतु कोणीतरी आपल्याजवळ आहे या जाणिवेने धीर टिकतो. संकटसमयी दूरध्वनीवरून दिलेल्या दहा सूचनांपेक्षा शेजारी उभे राहिलेले एक माणूस अधिक काम करते.

तिसरे अंग म्हणजे पुढील पायरीचा विचार. प्रवासी पाण्याबाहेर आले म्हणजे काम संपले असे समजले गेले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांसह वैद्यकीय पथक सज्ज होते, बदलापुरात नेण्यासाठी वाहने होती, आणि पुढील प्रवासासाठी कल्याणहून कोल्हापूरकडे विशेष गाडी सोडण्यात आली. आपल्या शास्त्रात शोधनानंतर संसर्जनक्रम सांगितला आहे, तो याच विचाराने. मुख्य कर्म झाल्यावर मागे वळून न पाहणारा वैद्य अर्धे कर्म करतो. नेतृत्वाचेही तसेच आहे.

जाणणे, आज्ञा करणे आणि योजना करणे ही त्रयी येथे अशी एकत्र आलेली दिसते.

३. शंका विचारू देणारा आचार्य

प्रेरक नेत्याच्या गुणांत आम्ही सर्वाधिक महत्त्व ज्या गुणास देतो, तो म्हणजे प्रतिकूल शंका ऐकून घेण्याची क्षमता. चरकसंहितेत त्याचे दोन उत्तम दाखले आहेत.

चतुष्पादांचे महत्त्व सांगून होताच पुढील, दहाव्या अध्यायात मैत्रेय उघड विरोध करतो. चारही पाद उत्तम असूनही काही रुग्ण दगावतात आणि काहीही नसताना काही बरे होतात, मग चिकित्सा केली काय आणि न केली काय, असा त्याचा आक्षेप आहे. आचार्यांच्या संपूर्ण शास्त्राच्या मुळावरच हा घाव होता. आत्रेय त्याचे मत चुकीचे ठरवितात, परंतु त्यास गप्प करीत नाहीत. पडलेला मनुष्य स्वतःहून उठू शकत असला तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो लवकर व कष्टावाचून उठतो, असा दृष्टान्त देऊन ते युक्तिवादाने उत्तर देतात. पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात अग्निवेशही असाच मध्ये बोलतो. वैद्य ज्ञानी असेल तर कर्म सिद्धीस जाईलच. मग आगाऊ साधनसामग्री जमविण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, असे तो विचारतो. तेथेही त्यास सविस्तर उत्तर मिळते.

हे आक्षेप ग्रंथातून गाळता आले असते. ते ठेवले गेले, कारण शंकेमुळे सिद्धान्त दृढ होतो हे आचार्यांस ठाऊक होते. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तर तद्विद्यसंभाषेचे विस्तृत विवेचन आहे. मित्रभावाने होणारी संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्षेने होणारी विगृह्यसंभाषा असे तिचे दोन भेद तेथे केले आहेत. आपल्या चिकित्सालयात मदतनिसांशी होणारे संभाषण यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, याचा प्रत्येकाने प्रामाणिक विचार करावा. मालक आणि नोकर यांच्यात विगृह्यसंभाषा होत नाही, कारण नोकर ती सुरूच करीत नाही. तो गप्प राहतो. आणि या मौनाची किंमत रुग्ण मोजतो.

४. मौनाची किंमत

एक कल्पित परंतु सहज संभवणारे उदाहरण घेऊ. श्रावणातील दमट हवा आहे. अश्वगंधाचूर्णाच्या पोत्यास किंचित कुबट वास येत असल्याचे पुड्या बांधणाऱ्या मुलीच्या लक्षात येते. मागील आठवड्यात तिच्या सहकाऱ्याने वजनकाट्याविषयी शंका काढली, तेव्हा 'तुला किती कळते' असे उत्तर त्यास सर्वांसमक्ष मिळाले होते. ती मुलगी वासाविषयी काही बोलत नाही, पुड्या बांधते. चूर्ण दुकानांत जाते, रुग्णांच्या घरी जाते. ज्यांना त्याचा त्रास होतो, ते औषधास दोष देतात, वैद्यास देतात आणि अखेर आयुर्वेदास देतात. या साखळीचे मूळ पोत्यात नव्हते. ते मागील आठवड्यातील एका वाक्यात होते.

जगाच्या वैद्यकक्षेत्रातही हाच अनुभव आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी, छेद घेण्यापूर्वी व शस्त्रक्रियेनंतर तपासावयाची एक सूची प्रसृत केली. शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगणे हा तिचा एक भाग आहे. हेतू असा की, जो एकदा बोलला तो शंका आल्यास पुन्हा बोलतो. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गंभीर उपद्रवांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे त्यात नोंदले आहे. उलट कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सूची सक्तीची करूनही तसा लक्षणीय लाभ आढळला नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता आम्हांस उमगते ते असे : कागदावरील चौकटीत खुणा केल्याने माणसे बोलू लागत नाहीत. बोलण्यास मुभा देणारा अग्रणी असेल तरच कागद कामास येतो.

आयुष मंत्रालयाने २०१८ साली आयुर्वेदीय, सिद्ध, युनानी व होमिओपॅथी औषधांसाठी औषधसतर्कता कार्यक्रम सुरू केला. संशयित दुष्परिणामांची नोंद व्हावी हा त्याचा उद्देश आहे. ही नोंद वैद्याच्या मेजावर सुरू होत नाही. 'ताई, त्या गोळ्यांनी आईला उलट्या झाल्या' हे वाक्य प्रथम औषध देणाऱ्या खिडकीवर उच्चारले जाते. खिडकीतील व्यक्तीस ते वैद्यापर्यंत नेण्याची भीती वाटत असेल तर राष्ट्रीय कार्यक्रमही लंगडा पडतो.

यास्तव चूक कानी येताच विचारावयाच्या प्रश्नांचा क्रम आम्ही सुचवितो. पहिला प्रश्न : रुग्ण सुरक्षित आहे ना? दुसरा : तो माल बाजूला काढला ना? तिसरा : हे कसे घडले? 'कोणी केले' हा प्रश्न शेवटी, आणि तोही एकान्तात. बहुसंख्य ठिकाणी हा शेवटचा प्रश्न प्रथम विचारला जातो, म्हणून उरलेल्या तिहींची खरी उत्तरे कधीच मिळत नाहीत.

याचा अर्थ सर्व दोष पोटात घालावे असा नाही. रोगाप्रमाणे दोषांचेही निदान करावे. अज्ञानाने अथवा अनवधानाने घडलेली चूक साध्य होय; शिक्षण हा तिचा उपचार. वारंवारची हयगय कष्टसाध्य होय. तेथे नियम, देखरेख व मुदत लागते. जाणूनबुजून केलेला अप्रामाणिकपणा, उदाहरणार्थ महाग द्रव्याच्या जागी हलके द्रव्य मिसळणे, हा बहुधा असाध्य समजावा आणि त्या व्यक्तीस त्वरित दूर करावे. तिन्हींस एकच काढा देणारा वैद्य जसा चुकतो, तसाच तिन्हींस एकच शिक्षा देणारा मालकही चुकतो.

५. योग्या : शिकविण्याची पद्धती

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्यासूत्रीय नावाने प्रसिद्ध आहे. शिष्य शास्त्रात कितीही पारंगत असला तरी प्रत्यक्ष कर्माचा सराव केल्याविना तो कर्मास योग्य होत नाही, असा त्याचा आशय आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड यांसारख्या फळांवर आणि बंधनाचा सराव वस्त्रादिकांच्या पुरुषाकृतीवर करावा, असे तेथे सांगितले आहे. शिकताना हात चुकावा तर तो फळावर चुकावा, रुग्णावर नव्हे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

आपण मात्र नव्या मदतनिसास पहिल्या दिवशीच रुग्णासमोर उभे करतो आणि चुकला की रुग्णादेखत रागावतो. त्याऐवजी निरूहबस्तीचे मिश्रण पंधरा दिवस रुग्णाविना करून घ्यावे. मध, सैंधव, स्नेह, कल्क, क्वाथ हा क्रम का, हे प्रत्येक वेळी त्याच्याच तोंडून वदवावे. कटिबस्तीसाठी उडदाच्या पिठाची पाळी पाटावर घालून तीत कोमट पाणी ओतून पाहावे. गळली तर पाटावर गळेल.

निर्माणशाळेतही हेच सूत्र आहे. तेलाचा पाक सिद्ध झाला हे अनुभवी कामगार आवाजावरून व वासावरून ओळखतो. त्याने नव्या माणसास 'आता उतरव' एवढेच सांगितले तर नवा माणूस आज्ञाधारक होतो, जाणता होत नाही. कल्काची बोटांत वात वळते का, ती विस्तवावर टाकली असता तडतडते का, तेलात फेस येऊ लागला का आणि घृतात तो शमला का, ही लक्षणे त्यास हाताने व कानाने पटवून द्यावीत. मृदु, मध्यम व खर पाकांचे नमुने तीन बाटल्यांत भरून भट्टीजवळ ठेवल्यास शिक्षण अधिक सुलभ होते.

शिकविलेला मनुष्य सोडून जाईल, मग शिकवावे कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे. न शिकविलेला मनुष्य राहिला तर होणारे नुकसान अधिक मोठे असते.

६. पूर्वसिद्धता

अग्निवेशाने शंका काढण्यापूर्वीच आत्रेयांनी सामग्री जमविण्याचे दिलेले कारण असे की, उपद्रव उद्भवल्यावर लागणारी वस्तू त्या क्षणी विकत मिळेलच असे नाही. म्हणून ती आधी जमवावी. त्याच अध्यायात शोधनकर्मासाठी घर कसे असावे, स्वयंपाकी, स्नान घालणारे, मर्दन करणारे, औषधे वाटणारे कोण असावेत, इतकेच काय पण रुग्णाचे मन रमविणारे गायक व कथा सांगणारेही असावेत, असे वर्णन आहे. ही खऱ्या अर्थाने कर्मचाऱ्यांची सूची आहे, आणि तीत अंग रगडणाऱ्यापासून गोष्ट सांगणाऱ्यापर्यंत प्रत्येकास स्थान आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासातही बारीक गोष्टींवर लक्ष असलेल्या नेतृत्वाचा थोर दाखला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळील लष्करी तळावरील अधिकाऱ्यांस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण बेताने वापरा, नाही तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. रयतेस उपद्रव देऊ नका. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजींस आग लागेल, अशा सूचना त्यात सकारण दिल्या आहेत. राज्य उभारणारा पुरुष उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करतो. तेव्हा औषधाच्या कोठीतील उंदीर, ओल आणि पोत्याखालची फळी यांचा विचार करणे आपणांस कमीपणाचे वाटू नये.

आमच्या परिसरास तर हा विचार दरवर्षी करावा लागतो. २६ जुलै २००५ च्या महापुराने उल्हास नदीकाठच्या वस्त्यांची झालेली दैना अनेकांनी पाहिली आहे. जून उजाडण्यापूर्वी कोठीतील माल उंच फळ्यांवर घेणे, लोकल बंद पडल्यास कोणी थांबावे व कोणी घरी जावे हे ठरविणे, चालू पंचकर्मरुग्णांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवणे, ही कामे सर्वांस एकत्र बसवून करावीत. ज्याने योजना करण्यात भाग घेतला, तो ती पार पाडण्यातही मागे राहत नाही.

औषधनिर्मात्यांसाठी २००० साली अनुसूची 'टी' अन्वये उत्तम निर्माणपद्धतीचे नियम आले. स्वच्छ गणवेश, कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी, प्रत्येक घाणीची नोंद, तक्रारींची नोंद या गोष्टी त्यात आहेत. काही ठिकाणी निरीक्षक यावयाच्या आदल्या रात्री नोंदवह्या भरल्या जातात. त्या रात्री मालक आपल्या कामगारांस एक धडा देत असतो : येथे खोटे लिहिले तरी चालते. पुढे तोच धडा कामगाराने गिरविला तर तक्रार करण्याचा अधिकार मालकास उरत नाही.

७. वाणी, वेतन आणि सन्मान

अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटांनी बोलण्याविषयी मोजके पण मोलाचे सांगितले आहे. योग्य वेळी, हितकर, मोजके, विसंगती नसलेले व मृदू बोलावे, आणि भेटताच आपण प्रथम बोलावे. शेवटची सूचना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. सकाळी दार उघडणाऱ्या मावशींशी प्रथम आपण बोलावे. त्यांच्या नमस्काराची वाट पाहू नये.

परंतु मृदू वाणी वेतनाची जागा घेऊ शकत नाही. पगार ठरल्या तारखेस न देता प्रेरणेची भाषणे देणे हे अनुपान देऊन औषध न देण्यासारखे आहे. साप्ताहिक सुटी, जादा कामाचा मोबदला, आजारपणातील रजा यांचा हिशेब स्वच्छ असावा. प्रशंसा चारचौघांत व नेमकी करावी. 'छान काम केले' यापेक्षा 'तू त्या आजोबांची नाडी उतरलेली ओळखून स्वेदन थांबविलेस, म्हणून अनर्थ टळला' हे वाक्य वर्षभर स्मरणात राहते.

स्त्री-कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हाही सन्मानाचाच भाग होय. कार्यस्थळी होणाऱ्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधाचा कायदा २०१३ साली झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती नेमणे त्यानुसार बंधनकारक आहे. त्याहून कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती भिंतीवर लावणे हे मालकाचे काम आहे. रुग्णाकडून असभ्य वर्तन घडल्यास तो रुग्ण कितीही धनवान असला तरी आपण परिचारिकेच्या बाजूस उभे राहतो, हे तिला एकदा दिसले पाहिजे.

८. आपल्यानंतर

नेतृत्वाची अंतिम परीक्षा नेता नसताना होते. 'आर्यभिषक्' या ग्रंथाचे कर्ते शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. १९०९ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिशीच्या सुमारास ते निवर्तले. संस्था दोन वर्षांची होती. ती त्यांच्याबरोबर लयास गेली असती तर नवल नव्हते. परंतु त्यांनी उभी केलेली माणसे मागे होती, म्हणून ती एका शतकाहून अधिक काळ टिकली. पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली स्थापिलेली धूतपापेश्वर ही औषधनिर्माणशाळा दीडशे वर्षे उलटून गेल्यावरही उभी आहे. एका पिढीचे हस्तकौशल्य दुसरीच्या हाती पोहोचल्यावाचून हे घडत नाही.

आपले चिकित्सालय आपण आठ दिवस आजारी पडल्यास चालेल काय? कोठीची किल्ली, पुरवठादारांची नावे, काढ्याचे प्रमाण, रुग्णांच्या तारखा हे सारे एकाच डोक्यात असेल तर ती संस्था नव्हे, एकखांबी तंबू आहे.

स्वाध्याय

पुढील अंक हाती येईपर्यंत तीन महिने आहेत. वाचकांनी खालील अभ्यास करून पाहावा.

पहिला महिना : दररोज दहा मिनिटे सर्वांनी उभ्याने एकत्र यावे. काल काय अडले, आज काय जोखमीचे आहे, एवढेच बोलावे. प्रथम सर्वांत नव्या व्यक्तीने बोलावे, शेवटी वैद्याने. दिलेल्या प्रत्येक आज्ञेबरोबर तिचे कारण सांगावे.

दुसरा महिना : प्रत्येक मदतनिसास एक कर्म सरावाने शिकवून त्याच्याकडून दुसऱ्यास शिकवून घ्यावे. लक्षात आणून दिलेल्या चुकांची वही ठेवावी. तीत चूक करणाऱ्याचे नाव न लिहिता चूक दाखवून देणाऱ्याचे नाव लिहावे.

तिसरा महिना : एक पूर्ण दिवस चिकित्सालय अथवा निर्माणशाळा आपल्या अनुपस्थितीत चालू द्यावी. दुसऱ्या दिवशी जे अडले त्याची यादी करावी. ती यादी मदतनिसांच्या दोषांची नसून आपण न शिकविलेल्या गोष्टींची आहे, असे समजून वाचावी.

आणि दर शनिवारी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. या आठवड्यात मला कोणी नकोशी वाटणारी गोष्ट सांगितली काय? मी जे इतरांकडून मागितले ते स्वतः केले काय? माझ्याबरोबरचा कोणता मनुष्य मागील आठवड्यापेक्षा थोडा अधिक जाणता झाला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सलग चार शनिवार 'नाही' असे आले, तर सर्व काही सुरळीत आहे असे समजू नये. लोकांनी बोलणे थांबविले आहे, हे त्याचे निदान होय, आणि त्याची चिकित्सा आपणांसच सुरू करावयाची आहे.